कोडमधला जकात नाका

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. मुलुंड-दहिसरचे जकात नाके बंद झाले. आमच्या बिलिंगच्या कोडमध्ये मात्र ‘ऑक्ट्रॉय अमाउंट’, म्हणजे जकातीची रक्कम, या नावाचा रकाना तरीही ठाण मांडून होता, आणि त्यात चक्क डिलिव्हरी चार्ज भरलेला असायचा! जकात गेल्यावर रकाना रिकामा दिसला, कुणीतरी डिलिव्हरीचं भाडं त्यात कोंबलं. त्याच्या वर त्याहूनही जुनी कॉमेंट, म्हणजे कोड वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली टीप : ‘तात्पुरतं आहे. व्हॅट आला की काढणे.’ व्हॅट महाराष्ट्रात २००५ साली आला, बारा वर्षं नांदला आणि बहुतेक मालावरून उठूनही गेला.

व्हेरिएबलचं, म्हणजे कोडमध्ये एखाद्या रकमेला दिलेल्या नावाचं, स्पेलिंग एके ठिकाणी चुकलं तरी कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) अडवतो. कॉमेंट तो वाचतच नाही, त्यामुळे ती खुशाल खोटं बोलते. खालची ओळ बदलणारा वरची कॉमेंट बदलेलच असं नाही. (बदलत नाहीच.)

कोडच्या आतली नावं बदलणं सोपं. कोड लिहायचा एडिटर एका फटक्यात सगळीकडे बदलून देतो, टेस्ट चालवायच्या, झालं. फक्त नावबदलाचा कमिट (एकत्र नोंदवलेले बदल) वेगळा ठेवावा, त्यात लॉजिकला हात लावू नये. नाहीतर रिव्ह्यू करणाऱ्याला शंभर निरुपद्रवी ओळींत एक खरा बदल शोधावा लागतो.

डेटाबेसमधल्या कॉलमचं नाव मात्र आपलं एकट्याचं राहिलेलं नसतं. अकाउंट्सचा रिपोर्ट, गोदामातली एक्सेल शीट, सगळे त्याच नावानं हाक मारतात. व्हीटीचं १९९६ मध्ये नामांतर झालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ही आलं, तरी टॅक्सीवाल्याला ‘व्हीटी’ म्हटलेलं कळतं आणि मुंबईला येणाऱ्या विमानाच्या बॅगेवर जुन्या बॉम्बेचं ‘बीओएम’च छापलेलं असतं. एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि वेबसाइट ज्या नियमांनी बोलतात ते; त्यातल्या ‘रेफरर’ हेडरच्या (आपण कुठल्या पानावरून आलो ते सांगणाऱ्या ओळीच्या) स्पेलिंगमध्ये तर एक ‘आर’ कमी आहे. १९९६ च्या आरएफसीत, म्हणजे हे नियम लिहिलेल्या दस्तऐवजात, ते तसंच छापलं गेलं आणि ब्राउझर आजही तेच चुकीचं स्पेलिंग इमानानं पाठवतात. तेव्हा ‘ऑक्ट्रॉय’ मी कोडमध्ये बदललं, कॉलमला राहू दिलं, आणि तिथे काय भरतात ते एका ओळीत लिहिलं.

कॉमेंटी मात्र धडाधड उडवल्या. ‘इथे बेरीज केली आहे’ छापाच्या तर न वाचताच. एक तेवढी ठेवली : ‘३१ मार्चला हे चालवू नका, अकाउंट्सवाले ओरडतात.’ लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेला. अकाउंट्सवाले अजून ओरडतात.