ग्रिंडलचे डबे: मार्च ते नोव्हेंबर

आज सकाळी तिसऱ्या डब्यातली काच उचलली आणि तिच्या खालच्या बाजूला ग्रिंडल नावाच्या पांढऱ्या वर्म्सचा गुंता चिकटून वर आला. बेळगावातल्या आमच्या वडगावात मागाखाली तुटलेलं सूत पडतं ना, हुबेहूब तसा. फरक इतकाच की हा गुंता हलतो. काच उजेडाकडे धरली की एकेक वर्म वेगळा दिसतो. जेमतेम सेंटिमीटरभर लांब, शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक, आणि आरपार दिसणाऱ्या अंगातून नाचणीच्या पिठाची तपकिरी रेघ गेलेली. कालचं खाणं पोटात पोचलं याची ती खूण. ही रेघ दिसली की माझा दिवस चांगला जातो.

माशांना जिवंत खाणं म्हणून असे वर्म्स मी घरीच वाढवतो, त्याची मार्चपासूनची ही नोंद. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मासे पाळणाऱ्यांना उपयोगी पडावी म्हणून सगळं लिहितोय, फसलेलंही.

आधी एवढा खटाटोप कशासाठी ते सांगतो. माझ्याकडे फायटर (बेटा) माशांची पैदास चालते. गेल्या वर्षी दुकानातून जिवंत ट्युबिफेक्स आणून घालत होतो. हे लाल वर्म्स गटारातल्या, सांडपाण्याच्या गाळात वाढतात, त्यामुळे कितीही धुतले तरी आत काय घेऊन येतील याचा भरवसा नसतो. एका आठवड्यात माझी महिन्याभराची पिल्लं पोट फुगून गेली. वाटीत घेऊन मोजली, एकतीस होती. कारण ट्युबिफेक्सच होतं असं छातीठोकपणे म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून बाहेरचं जिवंत खाणं बंद केलं. डासांच्या अळ्या म्हणाल तर डेंग्यूच्या दिवसांत घरात पाणी साठवून अळ्या वाढवायच्या हे मला पटत नाही. गल्लीत लहान मुलं आहेत.

मार्च-एप्रिल: व्हाइट वर्म आणि खानापूरचा माठ

सुरुवात व्हाइट वर्म या ग्रिंडलच्याच जातकुळीतल्या वर्मपासून केली, कारण निपाणीच्या अण्णांकडे तेच होते. अण्णा मासे पाळण्यात मला गुरुस्थानी. त्यांनी बजावलं होतं, "बाबा, ह्याला गारवा पाहिजे. वीसच्या वर पारा गेला की हे टिकत नाहीत." ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात. आमच्या घरी आईनं फ्रिजला हात लावू दिला नाही. तिचंही बरोबर आहे. दुधाशेजारी मातीचा डबा कोण ठेवून घेईल?

मग खानापूरचा माठ आठवला. तिथल्या मातीची भांडी पाणी चांगलं पाझरवतात आणि पाझरलेलं पाणी उडताना आतला गारवा राखतं. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, पुढे माती म्हणतो ती हीच) आणि वर्म, वरून ओलं गोणपाट. खोलीत ३२ अंश असताना मडक्यात २५ दाखवायचं. सात अंशांची उतराई कमी नव्हे, पण व्हाइट वर्मला ती पुरत नाही. पंधरा-वीस दिवस तग धरून होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गोणपाट काढलं तर सडक्या मांसासारखा वास आला. सगळे कडेला चढून गोळा झाले होते. वर्म असे कडा चढायला लागले की आत त्यांना सोसेनासं झालंय असं समजायचं. गरमी, आंबलेलं खाणं नाहीतर जास्तीचं पाणी, या तिन्हींपैकी एक असतंच.

बेळगावची हवा थंड असं सगळे म्हणतात. माणसांना थंड आहे, व्हाइट वर्मला नाही.

जून: ग्रिंडल आले

मृगाचा पहिला पाऊस झाला त्या रविवारी निपाणीला गेलो. अण्णांनी यावेळी ग्रिंडल दिले. व्हाइट वर्मचाच धाकटा भाऊ म्हणा. स्वीडनमधल्या ग्रिंडलबाईंनी हे वेगळे करून वाढवले म्हणून त्यांचं नाव पडलं. याला २२ ते २७ अंश मानवतात, म्हणजे पावसाळ्यातली आमची मागची खोली अगदी नेमकी. चमचाभर कल्चर, म्हणजे वाढवायला लागणारं जिवंत विरजण, ओल्या कोकोपीटमध्ये गुंडाळून, श्रीखंडाच्या डब्यात घालून, लाल बसमध्ये मांडीवर घेऊन आणलं.

मांडणी अशी. कोकोपीटची वीट भिजवून, उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवून, गार झाल्यावर मुठीत घट्ट पिळली. पिळल्यावर बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंबच यावा, धार नको. हा ओलेपणा हाताला कळेपर्यंत मला दोन डबे लागले. कोरडं झालं तर वर्म खाली दडतात, चिखल झाला तर गुदमरतात. पाणी राकसकोप जलाशयाचं, नळाचंच, पण बादलीत दिवसभर उघडं ठेवलेलं, क्लोरीन उडून जाण्यासाठी. डबा पसरट, कोकोपीटचा थर तीन बोटं. झाकणाला खिळा तापवून भोकं पाडली आणि आतून जुन्या साडीचा तलम तुकडा चिकटवला, नाहीतर बारीक माश्या शिरतात. डबा परातीत आणि परातीत पाणी. वडगावच्या मुंग्यांना दुसरा कुठलाही अटकाव चालत नाही.

खाणं म्हणून भाजलेल्या नाचणीचं पीठ आणि मांजराच्या खाण्याचे दाणे कुटून, निम्मे निम्मे. पहिले दहा दिवस काहीच दिसलं नाही. रोज झाकण उघडायचो, काळी माती बघून बंद करायचो. अकराव्या दिवशी काचेखाली केसापेक्षा बारीक पांढरे ठिपके वळवळताना दिसले. अंडी फुटायला साधारण एवढे दिवस लागतात हे अण्णांनी सांगितलं होतं, तरी मी आईला हाक मारून दाखवलं. आई चष्मा लावून वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "जिवंत हाईत की रे!" त्या दिवसापासून पीठ भाजून तीच ठेवते.

काचेची युक्ती नवीन लोकांनी जरूर करावी. काच कापणाऱ्याकडून तळहाताएवढा तुकडा घ्या, कडा घासून घ्या, पीठ मातीवर पसरून पाण्याचा फवारा मारा आणि काच वरून दाबून ठेवा. खाणं कोरडं पडत नाही, वर्म काचेखाली गोळा होतात, काच उचलून पाण्यात बुडवली की सगळे निसटून तळाला जातात. माती येत नाही.

जुलै: माइट्स

सलग नऊ दिवस ऊन नव्हतं. भिंतींना ओल, कपडे वाळेनात, आणि पहिल्या डब्यात पिठावर करडी भुकटी पसरल्यासारखं दिसायला लागलं. भिंग लावलं तर भुकटी चालत होती. माइट्स, म्हणजे पिठात होतात तसले बारीक किडे. हे वर्मना थेट खात नाहीत, पण त्यांचं खाणं फस्त करतात आणि इतके वाढतात की वर्म मागे पडतात. चूक माझीच होती. दुसऱ्या पाळीला असायचो तेव्हा उद्यमबागेतल्या कारखान्यातून रात्री उशिरा घरी, म्हणून दोन दिवसांचं खाणं एकदम घालत होतो. उरलेल्या पिठावर आधी बुरशी आणि मागोमाग माइट्स.

यावर उपाय आहे आणि तो खात्रीचा आहे. डब्यात काठोकाठ पाणी ओतलं. वर्म जड, ते तळाशी बसतात आणि पाण्यात बराच काळ जिवंत राहतात. माइट्स तरंगतात. वरचं पाणी हळूच ओतून टाकलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं, असं पाच वेळा. मग काचेवर जमलेले वर्म चहाच्या बारीक गाळणीत धुऊन नव्या उकळलेल्या कोकोपीटमध्ये सोडले. जुनी माती परसात उन्हाला टाकायची तर ऊनच नाही, म्हणून पुन्हा उकळली. मोठ्या पातेल्यातून मातीची वाफ निघालेली बघून शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "एनरी इदु? हुळा साकीरेन?" वर्म पाळलेत का, असं विचारत होते. मी हो म्हटलं. संध्याकाळी त्यांचा नातू डबा बघायला आला, आणि आता त्याच्याच गप्पींना माझ्याकडचे वर्म जातात.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. मागचं खाणं संपल्याशिवाय नवं घालायचं नाही, आणि निदान दोन डबे कायम वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायचे. एका डब्यात वापरलेला चमचा दुसऱ्यात जात नाही. काळजीपोटी तिसरा डबा मातीशिवाय केला. फिश टँकच्या फिल्टरचा जाड काळा स्पंज, खाली अर्धा बोट पाणी, वर खाणं. आठवड्याला पाणी बदलायचं की झालं. धुवायला हा सगळ्यात सोपा, पण वर्म थोडे कमी निघतात. माझी पसंती अजून मातीलाच आहे.

ऑगस्ट-सप्टेंबर: पिल्लांच्या तोंडाचा हिशेब

ऑगस्टच्या मध्याला निळ्या नराने फेसाचं घरटं बांधलं. देशी बदामाचं वाळकं पान टाकलं होतं, त्याच्याच आडोशाला. जोडी लागली, दीड दिवसात अंडी फुटली, पुढच्या तीन दिवसांत पिल्लं आडवी पोहायला लागली आणि मी नराला बाजूला काढलं. इथून खरी घाई सुरू होते. या पिल्लांच्या तोंडात ग्रिंडल मावत नाही. त्यासाठी मायक्रोवर्म आणि व्हिनेगर ईल हे त्याहून कितीतरी बारीक वर्म आधीच तयार लागतात, आणि ते आधीच तयार ठेवले होते म्हणूनच ही खेप वाचली.

मायक्रोवर्म मी नाचणीच्या घट्ट शिजवलेल्या पिठावर करून बघितले, वरून चिमूटभर यीस्ट. वाढतात भराभर, चौथ्या-पाचव्या दिवशी डब्याच्या कडेनं वर चढतात आणि ओलं बोट फिरवलं की बोटावर पांढुरका लेप येतो. पण नाचणीचं आमच्या हवेत दोन आठवड्यांत पाणी सुटून आंबतं. ओट्सवर तीन आठवडे चाललं. त्यामुळे मायक्रोवर्मला ओट्स, ग्रिंडलला नाचणी.

मायक्रोवर्मची एक अडचण आहे, ते तळाला जातात आणि काही तासांत मरतात. व्हिनेगर ईल मात्र पाण्यात दिवसेंदिवस पोहत राहतात. वरच्या थरात हिंडणाऱ्या फायटरच्या पिल्लांना तेच सोयीचे पडतात. त्यांचं कल्चर म्हणजे अॅपल सायडर व्हिनेगर निम्मं, पाणी निम्मं, सफरचंदाची एक फोड. महिनोन्‌महिने हात लावला नाही तरी जिवंत. काढताना लांब मानेच्या बाटलीत मानेच्या सुरुवातीपर्यंत कल्चर भरायचं, त्यावर फिल्टरचा कापूस गच्च बसवायचा आणि वर साधं पाणी. खाली हवा कमी पडते तसे ईल कापसातून वरच्या पाण्यात येतात. सकाळी मानेतलं पाणी ड्रॉपरनं ओढायचं, व्हिनेगर टाकीत जात नाही. ट्यूबलाइटसमोर ती मान धरली की पाण्यात चांदीचे बारीक केस थरथरताना दिसतात. रात्रपाळीवरून येऊन मी ते पाच-पाच मिनिटं बघत बसलोय.

फक्त मायक्रोवर्मवर वाढवलेल्या फायटरच्या पिल्लांचे पोटाखालचे पर नीट वाढत नाहीत, असं बरेच जण म्हणतात, बरेच जण ते नाकारतात. मी धोका घेतला नाही. ईल, मायक्रोवर्म आणि पाचव्या दिवसापासून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या जिवांची बारीक पिल्लं), असं फिरवत राहिलो. चौथ्या आठवड्यात पहिल्यांदा ग्रिंडल टाकले. एका पिल्लानं स्वतःच्या निम्म्या लांबीचा वर्म पकडला, झटके देत देत आत ओढला आणि मग तळाशी जाऊन दम खात बसलं. त्याच सुमाराला ही पिल्लं वरून हवा घ्यायला शिकतात, म्हणून टाकीवर काच झाकलेली ठेवा. आमच्याकडची पावसाळी गार हवा सरळ लागली तर त्या वयात पिल्लं जातात.

गणपतीला चार दिवस जांबोटीला मामांकडे गेलो. निघताना डब्यांना खाणं घातलं नाही आणि आल्यावर तिन्ही डबे ठणठणीत होते. ग्रिंडल आठवडाभर उपाशी सहज राहतात. जाताना भरपूर घालून जाणारे लोक पुढे माइट्सची तक्रार करतात.

नोव्हेंबर: आजची स्थिती

बेचाळीस पिल्लं जगली. नर वेगळे केलेत, प्रत्येकाला आपापली बरणी. मोठ्यांना ग्रिंडल आठवड्यातून तीनदाच देतो. त्यात चरबी बरीच असते, रोज दिले तर फायटर बसल्या जागी फुगतात. एका माशाला एका वेळी सहा-सात वर्म.

रात्री खोलीत १८ अंश उतरतात, त्यामुळे ग्रिंडलची वाढ मंदावली आहे. डबे टाकीच्या झाकणावर, दिव्याच्या उबेला ठेवलेत. आणि डिसेंबरात अण्णांकडून पुन्हा व्हाइट वर्म आणणार आहे. खानापूरचा माठ परसात उपडा पडलाय तो धुऊन ठेवलाय. थंडीच्या दोन महिन्यांत तरी मडक्यातला पारा अठराच्या खाली राहील असा माझा अंदाज आहे. रोज सकाळ-संध्याकाळ मोजून लिहीन.

कुणाला ग्रिंडल पाहिजे असतील तर वडगावात रविवारी सकाळी मी घरी असतो. पैसे नकोत. झाकणाला भोकं पाडलेला डबा तेवढा घेऊन या.