कॉम्प्रेसर रूममध्ये एआय आणताना

कारखान्यातली ऊर्जाबचत माझ्याकडे आहे. कार्बन उत्सर्जन कमी करायचं आणि त्यासाठी एआय वापरायचं असं वरून ठरलं, तेव्हा मी कॉम्प्रेसर रूम निवडली, म्हणजे यंत्रांना लागणारी दाबाखालची हवा जिथे तयार होते ती खोली. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला बहुतेक भाग उष्णता होऊन जातो, आणि देखभाल ढिली असली की तयार हवेतलीही 20 ते 30 टक्के गळतीत जाते. वाचवण्यासारखं इथे भरपूर होतं.

सॉफ्टवेअरवाल्यांनी पहिल्याच बैठकीत जुना डेटा मागितला. आमच्याकडे अख्ख्या विभागाला मिळून एकच मीटर! मग प्रत्येक कॉम्प्रेसरला वेगळा मीटर, हवेच्या मुख्य पाइपवर प्रवाह मोजणारा फ्लोमीटर, टोकाला प्रेशर सेन्सर. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि खरं काम हेच होतं असं माझं ठाम मत आहे.

सॉफ्टवेअरमधल्या एआय मॉडेलला उत्पादनाचं वेळापत्रक आणि बाहेरचं तापमान जोडून दिल्यावर त्याने एक गोष्ट लगेच दाखवली: रात्री उत्पादनाची लाइन बंद असतानाही कॉम्प्रेसर मधूनमधून लोड घेत होता, म्हणजे हवा भरत होता. हवा कुठेतरी गळत असणार. फिटरसोबत गळतीचा आवाज टिपणारा अल्ट्रासॉनिक डिटेक्टर घेऊन फिरलो. बंद पडलेल्या एका मशीनमागच्या कपलिंगपाशी हेडफोनमध्ये जोरात फुसफुस ऐकू आली. पुढे एक ड्रेन व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला सापडला.

दाब कमी करायचा विषय मात्र नाजूक. साधारण 7 बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास चालणाऱ्या यंत्रणेत 1 बार कमी केला तर सुमारे 7 टक्के वीज वाचते. पण शिफ्ट इन्चार्ज म्हणाले, "साहेब, दाब पडून लाइन थांबली तर उत्तर कोण देणार?" प्रश्न रास्तच होता. म्हणून किमान दाबाची मर्यादा पक्की केली. मॉडेलने फक्त सुचवायचं, निर्णय ऑपरेटरचा. गूगलच्या डेटा सेंटरमध्येही डीपमाइंड या गूगलच्याच एआय कंपनीची यंत्रणा आधी सल्लाच द्यायची. थेट नियंत्रण 2018 मध्ये जाहीर झालं. थोडाथोडा दाब उतरवत गेलो, लाइन थांबली नाही.

अहवालात वाचलेली वीज स्कोप 2 मध्ये, म्हणजे विकत घेतलेल्या विजेमुळे होणाऱ्या उत्सर्जनाच्या हिशेबात दाखवली. सगळं श्रेय एआयला द्यायची सूचना आली, तिला मी नकार दिला. गळती फिटरांनी बुजवली होती, त्यामुळे तो आकडा वेगळा लिहिला. मॉडेल चालवायला लागणारी वीजही वजा केली. आमचं मॉडेल छोटं आहे, पण 2024 मध्ये जगातली सुमारे 1.5 टक्के वीज डेटा सेंटरांनी वापरली, त्यामुळे हा हिशेब प्रत्येकाने मांडायलाच हवा.

आता चिलरवर, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्रावर, मीटर बसवणं चालू आहे.