घोडा तुमचा, पण रात्री त्याच्याजवळ कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: "घोडा स्वतःचा आहे ना, मग दर महिन्याला तबेल्याला एवढे पैसे कशाला मोजता? स्वतः सांभाळलात तर निम्म्यात भागेल की!" रायडिंग शिकून आता आपलाच घोडा घ्यावा म्हणणारे हे विचारतात. ज्यांची मुलं शनिवार-रविवार घोड्यावर बसतात, ते आईवडीलही विचारतात.

माझं उत्तर सरळ आहे. मुंबईत राहून नोकरी करत असाल तर पूर्ण सांभाळच घ्या, म्हणजे दाणा-वैरण, पाणी, लीद काढणं, खरारा, फिरवणं, नालबंदाची वेळ, डॉक्टरला बोलावणं, हे सगळं तबेल्याकडे. फक्त ठाणं, म्हणजे घोडा बांधायची जागा, भाड्याने घेऊन बाकी सगळं आपण करायचं, हा दुसरा मार्ग. ऐकायला तो फार गोड वाटतो, आणि घोड्यावर जीव असलेल्या माणसाला तोच खरा वाटतो, हे मला समजतं. पण घोड्याच्या पोटाला आपल्या ऑफिसच्या वेळा समजत नाहीत.

मोकळ्यावर घोडा दिवसातले सोळा-सोळा तास चरतो. त्याचं जठर अंगाच्या मानाने फार लहान असतं आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहतं. वैरण थांबली की ते आम्ल जठरालाच लागतं आणि व्रण होतात. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे, अडकलं तर जिवावर बेततं. म्हणून थोडं थोडं, पुन्हा पुन्हा घालावं लागतं, आणि पहिली वैरण उजाडायच्या आत पडावी लागते. माझा मल्हार साडेचारशे किलोच्या आसपासचा, रेसमधून निवृत्त झालेला. त्याला दिवसाला आठ-नऊ किलो सुकी वैरण, वर चंदी म्हणजे दाण्याचा खुराक, आणि तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. मे महिन्यात याहून बरंच जास्त. सकाळची लोकल पकडून संध्याकाळी दादरला परतणाऱ्या माणसाने हे दोन फेऱ्यांत उरकायचं म्हटलं, तर मधले सगळे तास घोडा रिकाम्या गव्हाणीसमोर उभा राहणार.

यावर दुसरी सूचना येते. कर्जतला नाहीतर पनवेलच्या पुढे तुकडा घ्या, शेड बांधा, घोडा तिथे ठेवा. खरं घोडं इथेच पेंड खातं. कर्जत लोकलने दोन तासांवर आहे. रोज जाणं होणार नाही, म्हणजे तिथे माणूस ठेवावा लागणार. म्हणजे सांभाळ पुन्हा पगारीच झाला, फक्त त्या माणसाच्या शेजारी दुसरा जाणता माणूस नाही, सुट्टीवर गेला तर बदली नाही, रात्री हाक मारली तर डॉक्टर जवळ नाही. आणि घोडा एकटा. कळपातला प्राणी आहे तो, एकट्याने ठेवला की झुरतो, ठाण्यात हेलकावे घालत उभा राहतो.

रात्रीचं सांगते, कारण माझं मत त्यावरच पक्कं झालं. आमच्या तबेल्यात साताऱ्याकडचे एक जुने सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. एका रात्री त्यांचा फोन आला. "ताई, घाबरू नका, पर मल्हारनं वैरणीला तोंड लावलं न्हाई. लीद बी न्हाई टाकली. डाक्टरला बोलावलंय." मी पोचले तेव्हा तो पुढच्या पायाने जमीन उकरत होता, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होता, मधेच गुडघे मोडून बसायला जात होता. मामा त्याला हळूहळू फिरवत होते. मी त्याच्या कुशीला कान लावला. निरोगी घोड्याच्या पोटात सतत गुडगुड चालू असते, लांबून ढग गडगडल्यासारखी. त्या रात्री उजव्या कुशीत काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी नाडी मोजली, ती साठाच्या वर होती. शांत उभ्या घोड्याची चाळीसच्या आतबाहेर असते. नाकातून नळी घातली, इंजेक्शन दिलं. पहाटे कधीतरी पोट बोलायला लागलं आणि लीद पडली.

पोटशुळात सुरुवातीचे तास सगळं ठरवतात. घोडा रात्री दहाला कुरकुरायला लागला आणि ते सकाळी सहाला कुणाच्या लक्षात आलं, तर आतडं पिळवटलेलं असलं तर काही हाताशी राहत नाही. मामा तबेल्यालगतच राहतात, झोपण्याआधी एक फेरी मारतात आणि गव्हाणीत काय उरलंय ते बघतात. मी दर महिन्याला जे पैसे भरते ते माझ्या हिशेबी या फेरीचे. डॉक्टरांच्या बाबतीतही मुंबई नशीबवान आहे. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे आणि त्याला लागूनच 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. शेडमध्ये एकटा घोडा ठेवणाऱ्याने हे अंतरही मोजावं.

जागेचं थोडक्यात. शहरात घोड्याला जागा मुळातच कमी, आणि ती आणखी आक्रसतेय. महालक्ष्मीला 1883 पासून रेसकोर्स आहे, हौशी घोडेस्वारांचा अमॅच्युअर रायडर्स क्लबही तिथलाच, 1942 चा. त्या 211 एकरांपैकी 120 एकर 2024 मध्ये उद्यानासाठी महापालिकेकडे गेले. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, आणि त्या खटल्यात घोड्यांचे हाल हाच मुख्य मुद्दा होता. मला तो निकाल योग्य वाटतो. ज्याला घोडा नीट ठेवता येत नाही त्याने तो ठेवू नये, मग तो गाडीवाला असो की हौशी मालक.

मात्र पैसे भरले म्हणजे आपण सुटलो, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं मुळीच पटत नाही. महिन्यातून एकदा येऊन, खोगीर चढवलेला घोडा बाहेर मागवून, चक्कर मारून निघून जाणारे मालक मी बघते. त्यांच्या घोड्याला काय आवडतं ते सईसाला माहीत असतं, मालकाला नाही. मी एक दिवसाआड जाते आणि काही कामं कुणाला करू देत नाही. त्यातलं पहिलं खुरांचं.

जुलैत तुम्ही आलात तर दाखवेन. पाय उचलून मांडीवर घ्यायचा आणि आकड्याने टाचेकडून पुढे माती काढत यायचं. तळव्याच्या मधोमध रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत ओल मुरली की काळा, चिकट मळ धरतो आणि कुजकट वास सुटतो. हा वास एकदा ओळखीचा झाला की आकडा लावायच्या आधीच येतो. वेळेवर साफ करून, औषध लावून, कोरड्यावर उभा केला तर आठवड्यात सुधारतो. राहू दिला तर घोडा लंगडायला लागतो. खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नालबंद आलाच पाहिजे, आणि तो येतो त्या दिवशी मी तिथे असते.

पावसाळ्यात आणखीही लक्ष लागतं. गंजीतलं गवत बुरसलं तर घोडा खोकायला लागतो, म्हणून पेंढी सोडून नाकाशी धरायची. चावऱ्या माश्यांपासून सर्रा नावाचा आजार होतो, ताप येतो-जातो, घोडा खंगत जातो, तेव्हा थर्मामीटर हाताशी हवा. दमट उकाड्यात काही घोड्यांचा घाम येणंच बंद होतं. काम करून आल्यावर अंग कोरडं आणि श्वास धापा टाकत, असं दिसलं की लगेच सावली, पाणी, पंखा आणि डॉक्टर.

शिवाजी महाराजांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारे शिलेदार होते आणि सरकारी पागेतले बारगीर होते. महाराजांचा भर पागेवर होता. पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी, म्हणजे पाणी वाहणारा, आणि एक नालबंद नेमलेला असे. पावसाळ्यात फौज छावणीला परतायची, तेव्हा दाणा, वैरण, औषधं आणि गवताने शाकारलेली घोड्यांची घरं आधीच तयार ठेवलेली असत. पाणी आणि नाल या दोन गोष्टी एकट्या स्वाराच्या सवडीवर सोडायच्या नाहीत, हे तेव्हाही कळत होतं.

फिरवण्याबद्दल तर आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे: भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला? तबेला फिरवतो, पण घाईत फिरवतो. म्हणून जमेल तेवढ्या वेळा मीच फिरवते.

स्वतः सांभाळणारी माणसं मला माहीत आहेत आणि त्यांच्याबद्दल आदर आहे. अलिबागकडे घर, घरात चोवीस तास कुणीतरी, अंगणालगत दोन-तीन घोडी, आणि पिढीजात सवय. अशांनी तबेल्याला पैसे द्यायचं काहीच कारण नाही.

बाकीच्यांनी तबेला निवडताना दर विचारायच्या आधी सईसाला भेटा. त्याच्याकडे किती घोडे आहेत ते विचारा. दोन किंवा तीन ठीक, सहा असतील तर खरारा होत नाही, नुसती पाठ पुसली जाते. त्याला राहायला खोली आहे का, पगार वेळेवर होतो का, गावी जातो तेव्हा त्याची जागा कोण घेतं, हेही विचारा, संकोच करू नका. आणि भेट ठरवून सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळं झाडलेलं असतं. दुपारी अडीच-तीनला जा, आणि पाण्याची बादली भरलेली आहे का, गव्हाणीत वैरण आहे का, ते आधी बघा.