तुम्ही विचारलंत म्हणून : 'जाणं' एक, रूपं तीन घरची

फ्रेंचच्या वर्गात क्रियापदांचा तक्ता आला की हा प्रश्न ठरलेला. 'मी जातो' म्हणजे 'झ व्हे', 'आम्ही जातो' म्हणजे 'नूझालाँ', 'मी जाईन' म्हणजे 'झिरे'. एकाच क्रियापदाची रूपं एकमेकांना ओळखही कशी दाखवत नाहीत?

कारण ती सख्खी नाहीतच. फ्रेंच आणि स्पॅनिश या लॅटिनच्याच लेकी, आणि लॅटिनमध्ये जाणे म्हणजे 'ईरे'. मी जातो 'एओ', तू जातोस 'ईस', तो जातो 'इत' आणि 'जा!' म्हणजे नुसतं 'ई'. बोलण्याच्या ओघात एवढंसं रूप ऐकूच येईना. (आपलं 'जा' एकाक्षरीच, पण त्याला 'ज'चा आधार तरी आहे.) मग लोकांनी 'वादेरे' या क्रियापदाची रूपं वापरायला घेतली. त्याचा मूळ अर्थ झपझप चालणे. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या ख्रिस्ती पंडिताने लॅटिनमध्ये आणलेल्या बायबलात ही अदलाबदल अर्ध्यावर सापडते: एकाला 'जा' म्हणायचं तर 'वादे', अनेकांना म्हणायचं तर बहुतेक जुनंच 'ईते'. लॅटिन मिस्सा (कॅथलिक चर्चमधली उपासना) आजही 'ईते, मिस्सा एस्त' म्हणूनच संपते.

थोडक्यात, आखूड रूपं गेली, अंगाने भरलेली टिकली. 'झिरे' त्यातलंच: मूळ 'ईरे हाबेओ', म्हणजे जवळपास आपलं 'मला जायचं आहे'. 'व्हे' हे 'वादेरे'चं. राहिलं 'अलाँ'. ते 'आंबुलारे', म्हणजे फिरणे, यावरून आलं असं बरेच जण मानतात, पण त्यावरचा वाद मिटलेला नाही.

यावर कुरकुर करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी एवढंच विचारते, 'काल कुठे गेला होतास?' 'जातो' संस्कृत 'या' धातूचं, 'गेलो' 'गम्'चं, आणि आपण जन्मभर दोन्ही न अडखळता बोलतो.

खरी गंमत स्पॅनिशमध्ये आहे. तिथे 'जातो' म्हणजे 'बोय', तेही 'वादेरे'चंच. 'जात होतो' म्हणजे 'इबा', हे थेट 'ईरे'चं. पण 'गेलो' म्हणजे 'फुई', आणि ते चक्क 'असणे' या क्रियापदाचं! 'फुई आ माद्रिद' म्हणजे माद्रिदला गेलो, 'फुई माएस्त्रो' म्हणजे शिक्षक होतो. पोर्तुगीजमध्येही 'फुई'ची हीच दुहेरी नोकरी. ऐकणारा पुढच्या शब्दावरून अर्थ लावतो आणि कुणाचं काही अडत नाही. आपणही 'मी नाशिकला होतो' आणि 'नाशिकला गेलो होतो' यांत रोजच्या बोलण्यात कुठे फारसा फरक करतो?