तुम्ही विचारलंत म्हणून: चार्ट शिकून पोट भरते का?

‘काकाजी, चार्ट शिकाचा हाय, पन पोट भरते का त्याच्यावर?’ हा प्रश्न हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावात मला महिन्यातून दोनदा तरी विचारला जातो, आणि विचारणारा बहुधा पदवी घेऊन घरी परतलेला, बापाने कापूस विकून दिलेले वीस-पंचवीस हजार रुपये खात्यात असलेला मुलगा असतो. चार्ट, म्हणजे शेअरच्या भावाचा आलेख, वाचून सौदे करण्याचे हे तांत्रिक विश्लेषण शिकवण्याचा अधिकार मला नाही. पैसे गमावून जे कळले, तेवढे सांगतो.

आलेखातील बरेचसे कास्तकाराच्या मुलाने बाजार समितीच्या आवारात आधीच पाहिलेले असते. सकाळी बोली कितीवर उघडली, दिवसभरात कोठवर चढली, कोठवर उतरली आणि शेवटची गाडी कोणत्या भावाने गेली, हे चार आकडे म्हणजेच एक कँडल, आलेखावरची एका दिवसाची उभी खूण. ही पद्धत जपानच्या तांदूळबाजारातून आल्याचे सांगतात, म्हणजे तिचेही मूळ धान्याच्या व्यापारातच. दोन-चार गाड्यांच्या सौद्यावर चढलेल्या भावाकडे अडत्या लक्ष देत नाही, शेकडो गाड्यांच्या सौद्यावर चढला तर मात्र कान टवकारतो. शेअरच्या आलेखाखालचे व्हॉल्यूमचे, म्हणजे किती शेअरचे सौदे झाले ते दाखवणारे, खांब याच नजरेने वाचावेत.

‘सपोर्ट’, म्हणजे ज्या किमतीला घसरण थांबेल असे मानतात ती आलेखावरची रेघ, ही कल्पना मात्र आमच्याकडच्या मुलांना फसवते, कारण त्यांना लगेच हमीभाव आठवतो. हमीभावामागे सीसीआयचे, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचे, खरेदी केंद्र असते (ते वेळेवर उघडले तर), परंतु आलेखावरच्या आडव्या रेघेमागे खरेदीला बांधील असा कोणीच नसतो. या किमतीला पूर्वी घेणारे भेटले होते, एवढेच ती रेघ सांगते.

माझी शिकवणी कापसानेच झाली. 2021-22 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 6,025 रुपये असताना बाजारात क्विंटलला 10,000 च्या वर भाव मिळाला, आणि पुढच्या हंगामात 8,000 ची बोली समोर असूनही मी, गावातील अनेकांप्रमाणे, पुन्हा दहा हजारांची वाट पाहत कापूस घरात भरून ठेवला. वजन घटले, घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, आणि अखेर सात हजारांच्या आसपास तो विकावा लागला. त्याच काळात 240 रुपयांना घेतलेला एक शेअर 210 वर आला, तेव्हा भावाचा जोर 0 ते 100 मध्ये मोजणारा आरएसआय 30 च्या खाली गेल्याचे पाहून, म्हणजे आता फार पडला, वर येईल असे समजून, मी तो आणखी घेतला. हा निर्देशांक वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडला. साधारणतः मागील 14 दिवसांतील सरासरी वाढ आणि सरासरी घट यांची तो तुलना करतो, त्यामुळे घसरण जोरात असेल तर तो बरेच दिवस खालीच रेंगाळू शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. शेअर 140 ला विकला. पण खरी उणीव आरएसआयच्या ज्ञानाची नव्हती. कोणत्या किमतीला आपण चुकलो असे मानायचे, हे मी कापसातही ठरवले नव्हते आणि शेअरमध्येही नाही.

म्हणून शिकण्याची सुरुवात मी स्टॉपलॉसपासून, म्हणजे तोटा सोसून बाहेर पडायची किंमत आधीच ठरवण्यापासून, करायला सांगतो. भांडवल 25,000 असेल आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे 250 रुपये, गमावण्याची तयारी असेल, तर 200 ला घेऊन 190 ला बाहेर पडायचे ठरवल्यास 25 शेअरच घेता येतात. हा भागाकार आधी, आरएसआयसारखे इंडिकेटर नंतर. तरीही शेअर दुसऱ्या दिवशी 180 लाच उघडला, तर तोटा 500 चा होतो, आणि खालचे सर्किट, म्हणजे दिवसाच्या घसरणीची मर्यादा, लागले तर घेणाराच सापडत नाही.

राहिला पोटाचा प्रश्न. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या 2024 मधील अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरच्या सौद्यांत, व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्यामुळे ऑप्शनचे नाव काढणाऱ्या मुलाशी मी पुढे बोलत नाही. इतरांना आलेखवही आणायला लावतो आणि एकाच शेअरचे चार आकडे रोज साडेतीननंतर हाताने मांडायला सांगतो, तीन महिने. आजवर दोघांनीच वही पूर्ण केली. माझे स्वतःचे घर अजून सहा एकर वावरावर चालते.