हौदांच्या मागावर, भर उन्हात

मे महिन्यात पुण्याच्या पेठांमधून पायी हिंडायला जातेय म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी आधी माझ्या तब्येतीचीच चौकशी केली. पण बाबांना जायचंच होतं. पंचविशीपर्यंत कसब्यात वाढलेला माणूस, पुढे सगळा जन्म कोथरूडला. पैसे भरून कुणीतरी आपल्यालाच कसबा दाखवणार, याची त्यांना भारी गंमत वाटत होती.

सकाळी सातला दिल्ली दरवाजासमोर जमायचं, दोन तासांत आटपेल, असा निरोप होता. आटपलं साडेअकराला.

शनिवारवाडा इतक्या सकाळी उघडलेला नव्हता. बाहेरूनच दारावरचे हत्तींसाठीचे टोकदार खिळे पाहिले. १७३० मध्ये पहिल्या बाजीरावांनी पाया घातला आणि १८२८ च्या आगीनंतर आत मुख्यतः जोतीच उरली, एवढं ऐकून घेतलं. माहिती सांगणारा मुलगा तयारीचा होता, पण बसच्या हॉर्नपुढे त्याचं काही चालेना. त्यातली एक गोष्ट मात्र नीट ऐकू आली आणि मग दिवसभर मी तिच्याच मागे लागले. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या बांधीव नळानं पाणी शहरात आणलं. पंप वगैरे काही नाही, नुसत्या उतारावर. साफसफाईला माणूस उतरेल एवढा नळ, मध्ये मध्ये उच्छ्वास म्हणजे हवेसाठी वर उघडणारी तोंडं, आणि शेवटी पेठापेठांतले हौद.

बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "आम्ही रोज फडके हौदाच्या चौकात भेटायचो गं. हौद कशाचा, हे कधी डोक्यातच आलं नाही."

लाल महालाची आताची इमारत विसाव्या शतकातली, त्यामुळे तिथे फोटोपुरतेच थांबलो. कसबा गणपतीच्या सभामंडपात मात्र सगळे टेकले. थंड फरशीवरून कुणी उठायला तयार होईना.

तांबट आळीत शिरण्याआधीच ठोके ऐकू आले. एका दारात आजोबा मांडी घालून बसले होते आणि समोरच्या लोखंडी खुंट्यावर तांब्याचं तपेलं फिरवत मठारकाम करत होते. एक ठोका, किंचित फिरव, पुढचा ठोका, की शेजारी शेजारी वाटोळे चकचकीत ठसे उमटत जायचे. "हे नुसतं नक्षीसाठी नाही हं," ते म्हणाले, "ठोकून पत्रा टणक होतो. नाहीतर हाताच्या दाबानं पोचा यायचा." बोलताना हात थांबला नाही, आणि ठसा तिरका पडला नाही. पूर्वी बंब आणि घंगाळं असायची, आता पाण्याचे तांबे जास्त जातात, असंही म्हणाले. बाबांनी एक तांब्या घेतलाच. घासाघीस करायला गेले, पण आजोबांनी नुसतं वर पाहिलं आणि बाबांनी मुकाट्यानं पैसे काढले.

इथून पुढे ऊन चढलं. मी नव्या चपला घातल्या होत्या. असा मूर्खपणा कुणी करू नये. आणि आयोजकांनी सूचनांच्या यादीत टोपी, पाणी, गॉगल सगळं लिहिलं होतं, फक्त वाटेत स्वच्छतागृह कुठे, हे नाही. आमच्यातल्या चार बायकांनी शेवटी एका ओळखीच्या दुकानदाराच्या घरात जाऊन प्रश्न सोडवला. पेठेत अजून ओळख चालते.

बेलबागेच्या चौकात मुलानं भिडे वाड्याची जागा दाखवली. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, स्मारकासाठी. "असताना कधी मान वर करून पाहिला नाही," एक बाई म्हणाल्या. मीही नव्हता पाहिला. लक्ष नेहमी समोरच्या दगडूशेठच्या गर्दीकडे.

तुळशीबागेत राममंदिराच्या शिखराकडे पाहायचं होतं, पण गटातल्या निम्म्या जणी कानातल्यांकडे वळल्या. मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली समारोप झाला. तो मुलगा काय बोलला देव जाणे, मी कोकम सरबताच्या दुसऱ्या ग्लासात होते.

घरी जायला मंडईचं मेट्रो स्टेशन. सरकत्या जिन्यानं खाली उतरताना गार हवा अंगावर आली आणि बाबा एकदम म्हणाले, "कात्रजचं पाणीपण असंच खालून यायचं की."

जिल्हा न्यायालयाला गाडी बदलली. तांब्या मांडीवर घेऊन बसलेले बाबा बोटानं त्याचे ठसे मोजत होते.

"पुढच्या वेळी कात्रजपासूनच चालत येऊ," ते म्हणाले.

मी चपलेचा पट्टा सैल करत होते. ऐकू आलं नाही असं दाखवलं.