आठचा तीन झाला ते वर्ष

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या दुकानात वडिलांनी आयुष्यभर चावीची घड्याळं उघडली, मी सेलची. डिजिटल म्हणजे त्यांच्या लेखी खेळणं. ‘काळा ठिपका आणि एक काच, दुरुस्त काय करणार?’ चिप त्या ठिपक्याखालीच असते, खरंय. ती गेली की मशीनच बदलायचं. पण ती सहसा जात नाही. जातं ते बाकीचं.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यानं दिवाळीला कामगारांसाठी आमच्याकडून ४०० घड्याळं घेतली. माल कर्ज काढून उचललेला. भाऊबीज सरली आणि घड्याळं परत येऊ लागली. कुणाचा आठ तीन दिसतोय, कुणाची मिनिटं अर्धीच. कारखान्यानं उरलेले पैसे अडवले. समोरच्या दुकानदारानं तेवढ्यात उठवलं की आम्ही जुनी मशीनं नव्या डबीत घालून विकतो. हाच गृहस्थ आमच्याकडून झाकण उघडायचा पाना उसना नेत असे!

तीन रात्री डोळ्याला आयग्लास लावून बसलो. दोष निघाला झेब्र्यात. काचेखालची ही रबराची पट्टी काडेपेटीच्या काडीहून बारीक. तिच्यात वीज नेणारे कार्बनचे आणि न नेणारे रबराचे थर आलटूनपालटून. टाका नाही, डाग नाही, नुसत्या दाबावर बोर्ड आणि काच जोडलेली. एकेका वाटेवर आकड्याच्या दोन-तीन रेघा असतात, म्हणून वाट तुटली की त्या एकदम जातात. या मालात जोडणाऱ्याच्या बोटांचं तेल लागलेलं, पट्टीही तिरपी. आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसली, सरळ बसवली, आठ पुन्हा आठ. बायको झाकणं काढायची, मी पुसायचो. पैसे आले मार्चमध्ये, तेही कापून.

त्या दिवसांत पायरी चढणारे एकच, लोकलचे निवृत्त गार्डकाका. आकाशवाणीच्या ठोक्यांशी घड्याळ ताडून रोजचा फरक वहीत लिहायचे. ‘दिवसाला दीड सेकंद पुढे. का हो?’

मी घड्याळातली नळी दाखवली, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. आत क्वार्ट्झचा दोन टोकांचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. चिप त्याचं निम्मं करते, मग त्याचं निम्मं, असं १५ वेळा, की सेकंदाला एकच ठोका उरतो. दहा लाखांत वीस कंपनं इकडची तिकडे झाली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद फरक पडतो. काकांनी तिथंच वहीत पंधरा वेळा भागाकार केला. ‘बरोबर एक उरतो की! आणि दीड सेकंदाचं म्हणाल, तर आमची गाडी याहून जास्त चुकायची.’

पुढची अकरा वर्षं ठीक गेली.

विषय निघालाच आहे तर, सेल धातूच्या चिमट्यानं दोन्ही बाजूंनी धरू नका, शॉर्ट होतो. केसिओच्या एफ-९१डब्ल्यूत (१९८९चं मॉडेल, अजून खपतं) नवा सेल घातल्यावर ‘एसी’ लिहिलेला बिंदू क्षणभर सेलच्या प्लसला टेकवा, नाहीतर आकडे भलतेच येतात. कपाटात पडलेल्या घड्याळातला सेल आधी काढा, पाझरला की बोर्ड खातो.

समोर आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पाना अजून आलेला नाही.